एका पोस्टमनचें झाड

फळ खाऊन झालें कीं कोय फेंकून देणें ही मनुष्याची जुनी संवय. पण ती रुजवून पाहण्याचा मोहही तितकाच जुना आहे. ॲव्होकॅडोच्या बाबतींत हा मोह विशेष अनावर होतो, कारण त्याची कोय मोठी, गुळगुळीत आणि हाताला भरीव लागणारी असते. ती स्वच्छ धुवावी, तिच्या अंगांत तीन-चार काड्या टोंचाव्या, आणि पेल्याच्या कांठावर अशी टेकवावी कीं रुंद बूड पाण्यांत राहील व निमुळतें टोंक वर येईल. पाणी वरचेवर बदललें म्हणजे महिना-दीड महिन्यांत कोय उभी तडकते, खालून पांढरें मूळ उतरतें, आणि फटींतून कोंब डोकें वर काढतो. येथपर्यंतचें काम लहान मुलालाही साधतें. खरा प्रश्न पुढचा आहे : या झाडाला कधीं काळीं फळ आलेंच, तर तें कसें असेल?

आंब्याच्या मुलुखांत याचें उत्तर अपरिचित नाहीं. हापूसची कोय पेरून हापूस मिळत नाहीं; म्हणूनच कोंकणांत त्याचीं कलमें बांधतात. ॲव्होकॅडोचेंही तसेंच आहे. त्याचें प्रत्येक फूल दोनदां उमलतें. प्रथम स्त्रीरूपानें, आणि मिटून दुसऱ्या दिवशीं पुरुषरूपानें. त्यामुळें परक्या झाडाच्या परागाला वाव मिळतो, आणि प्रत्येक कोयींत गुणदोषांचें नवें मिश्रण जन्मास येतें. कोय पेरणें ही एक सोडतच असते.

या फळाचें जुनें घर मेक्सिको. कॅलिफोर्नियांतील बागाईतदारांसाठीं १९११ सालीं कार्ल श्मिट यानें मेक्सिकोंतील आत्लिस्को येथून निवडक झाडांच्या कलमकाड्या आणल्या. त्यांपैकीं एक वाण १९१३ च्या कडाक्याच्या थंडींतही तगला. 'बळकट' या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून त्याचें नांव 'फुएर्ते' पडलें. पुढें कित्येक वर्षें चांगला ॲव्होकॅडो म्हणजे फुएर्ते, असें समीकरण तेथें रूढ होतें.

अशा काळांत रुडॉल्फ हॅस नांवाच्या एका पोस्टमननें ला हाब्रा हाइट्स येथें दीड एकराची लहानशी बाग घेतली. फुएर्तेचीं कलमें बांधावयाचीं, तर त्यांस खुंट हवे. म्हणून १९२६ च्या सुमारास त्यानें रोपें विकणाऱ्या एका गृहस्थाकडून कोयी आणून पेरल्या. उगवलेल्या रोपांवर कलमें बांधलीं. पण एका रोपावर तीं कांहीं केल्या जगेनात. पुन्हां बांधलीं, पुन्हां वाळलीं. तें झाड तोडून टाकावें असें हॅसच्या मनांत आलें. परंतु कलमें बांधणाऱ्या जाणत्या कारागिरानें सांगितलें, रोप जोमदार आहे, वाढूं द्या. तें वाढलें, आणि त्यास लौकरच फळें धरलीं. सालीवर पुटकुळ्या, पिकल्यावर जांभळट काळा रंग. हिरव्या, तुकतुकीत फुएर्तेच्या मानानें रूप अगदींच उणें. पण घरांतील मुलांनीं तीं चाखलीं आणि हींच अधिक चांगलीं असा निवाडा दिला. गर दाट व स्निग्ध होता, आणि जाड सालीमुळें फळ दूरच्या प्रवासांतही टिकत असे.

वनस्पतींच्या नव्या वाणांस पेटंट देणारा कायदा अमेरिकेंत १९३० सालीं झाला होता. त्यान्वयें हॅस यानें १९३५ सालीं आपल्या झाडाचें पेटंट मिळविलें, व एका रोपवाटिकावाल्याशीं विक्रीचा करार केला. पण कलम ही वस्तूच अशी कीं, एक रोप विकत घेतलें कीं त्यावरून हवीं तितकीं रोपें घरच्या घरीं करतां येतात. बागाईतदारांनीं नेमकें तेंच केलें. पेटंटापासून हॅसला आयुष्यभरांत सुमारें पांच हजार डॉलरच मिळाले. त्यानें टपाल वांटण्याची नोकरी सोडली नाहीं. १९५२ सालीं तो वारला. पेटंटाची मुदतही त्याच वर्षीं संपली.

आज जगाच्या बाजारांत येणारे बहुतेक ॲव्होकॅडो 'हॅस' जातीचे असतात, आणि या जातीचें एकूण एक झाड कलमांच्या परंपरेनें त्या एकाच रोपापासून उतरलें आहे. मूळ झाड मुळें कुजविणाऱ्या रोगानें ग्रासलें, आणि २००२ सालीं तें तोडावें लागलें. तोंवर त्याचा वंश अनेक खंडांत पसरला होता. या एकरूपतेंत लाभ आहे, तशी भीतिही आहे. जो रोग एका झाडास बाधेल, त्याच्यापुढें इतर सारींही तितकींच दुबळीं ठरावयाचीं.

म्हणून खिडकींतील पेल्यावर टेकलेल्या कोयीपासून 'हॅस'ची अपेक्षा करणें व्यर्थ आहे. फळ येण्यास अनेक वर्षें लागतील, कदाचित् तें येणारही नाहीं, आणि आलें तर बहुधा सामान्यच निघेल. मात्र हॅसच्या बागेंतील तें झाडही अशाच एका कोयीपासून उगवलें होतें, आणि कलम जगत नाहीं म्हणून तें तोडण्यापर्यंत पाळी आली होती.