बडोदे आणि हैदराबाद : दोन संस्थाने, रहिवाशाच्या दृष्टीने

दोन राज्यांची तुलना करावयाची म्हटली म्हणजे अभ्यासकाची दृष्टी प्रथम राज्यकर्त्याकडे वळते. त्याचे कायदे, त्याच्या संस्था, त्याचे दानपत्र आणि त्याचे प्रवास ह्यांची नोंद सुलभतेने मिळते, आणि तिच्या आधारे एखादे राज्य पुरोगामी वा मागासलेले ठरविता येते. परंतु त्या राज्यात राहावयाचे म्हणजे काय होते, हा प्रश्न ह्याहून वेगळा आहे. त्याचे उत्तर दरबारात शोधून चालत नाही. प्रस्तुत लेखात बडोदे व हैदराबाद ह्या दोन संस्थानांकडे ह्या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनाचा काळ स्थूलमानाने १८८१ ते १९४८ असा धरला आहे.

तुलनेसाठी दोन कसोट्या घेतल्या आहेत. राज्य रहिवाशाशी कोणत्या भाषेत बोलते, ही पहिली. आणि त्या राज्यात त्याला घर व पाणी कोणत्या अटींवर मिळते, ही दुसरी. पहिली कसोटी भाषाभ्यासकाला साहजिकच जवळची आहे. ती एकटी पुरेशी नाही, हे पुढे दिसून येईल.

१

आकाराने ही दोन संस्थाने परस्परांशी जुळणारी नव्हती. हैदराबादचे क्षेत्र ८२,००० चौरस मैलांहून अधिक व सलग होते. बडोद्याचे ८,००० चौरस मैलांच्या आसपास, आणि तेही बडोदे, कडी, नवसारी व अमरेली अशा विखुरलेल्या प्रांतांत विभागलेले. एका बाबतीत मात्र त्यांचे साम्य लक्षणीय होते. दोन्हीकडे राजघराण्याची भाषा व बहुसंख्य प्रजेची भाषा भिन्न होती. बडोद्यात गायकवाड मराठी व प्रजा मुख्यतः गुजराती. हैदराबादेत दरबार प्रथम फार्सीचा व नंतर उर्दूचा. प्रजेपैकी निम्म्याच्या आसपास तेलुगू भाषिक, सुमारे एक चतुर्थांश मराठी, आणि उर्दू भाषिक एक दशांशाच्या आसपास.

ह्या भिन्नतेचा ठसा कारभाराच्या शब्दांवरही उमटला होता. बडोद्यात ‘सुभा’ म्हणजे प्रांताचा मुख्य अधिकारी, आणि त्याच्या हाताखाली महालाचा वहिवाटदार. हैदराबादेत ‘सुभा’ म्हणजे अनेक जिल्ह्यांचा प्रदेश. त्यावर सुभेदार आणि जिल्ह्यावर अव्वल तालुकदार. औरंगाबादेहून बडोद्यास गेलेल्या मराठी माणसाला शब्द ओळखीचा वाटे, पण त्याचा अर्थ बदललेला असे.

२

भाषेच्या प्रश्नाला दोन्ही राज्यांनी दिलेली उत्तरे अभ्यासण्याजोगी आहेत. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला व १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. हे शिक्षण मुलाच्या परिचयाच्या भाषेत, म्हणजे बहुशः गुजरातीत होते. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी केंद्रीय विधिमंडळात ह्या विषयाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. ते विधेयक नामंजूर झाले. १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डेन ह्या ग्रंथपालास आणवून सयाजीरावांनी गावोगाव ग्रंथालये पोहोचविण्याची योजना हाती घेतली. १९३१ साली प्रसिद्ध झालेला ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ हा कोश तर एकेका शासकीय संज्ञेस आठ भाषांतील पर्याय शेजारी शेजारी मांडून दाखवितो. राज्यकर्त्याच्या भाषेचा आग्रह न धरता प्रजेला कळेल असा शब्द शोधण्याची वृत्ती त्या मांडणीत स्पष्ट दिसते.

हैदराबादच्या कार्याचे मूल्य कमी लेखणेही योग्य नाही. १९१७ च्या फर्मानानुसार १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दू स्वीकारली. त्यासाठी भाषांतर विभाग निर्माण झाला, परिभाषा घडविली गेली, आणि वैद्यक व अभियांत्रिकी हे विषयही त्या भाषेत शिकविले जाऊ लागले. भारतीय भाषा आधुनिक ज्ञानाचा भार पेलू शकते, ह्याचा हा मोठा पुरावा होय. मराठीत विद्यापीठीय परिभाषेची चर्चा करताना त्याचे स्मरण आपण पुरेसे ठेवलेले नाही.

तथापि हा पुरावा ज्या भाषेच्या द्वारे दिला गेला, ती दहांतील नऊ रहिवाशांच्या घरची भाषा नव्हती. परभणीच्या किंवा बीडच्या मुलाला माध्यमिक शिक्षणापासूनच तिचा उंबरठा ओलांडावा लागे. खाजगी शाळांवर सरकारी परवानगीचे बंधन होते आणि सार्वजनिक सभांवर ‘गस्ती निशाण ५३’ ह्या नावाने परिचित असलेले नियंत्रण. अशा स्थितीत हैदराबादची विवेकवर्धिनी किंवा अंबाजोगाईची योगेश्वरी ह्यांसारख्या शाळा चालविणे हे शिक्षणकार्याइतकेच नागरी धैर्याचेही कार्य होते. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानियातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. १९३१ च्या खानेसुमारीत बडोद्यातील साक्षरतेचे प्रमाण हैदराबादच्या तिपटीहून अधिक दिसते. पहिल्या कसोटीचा निर्णय ह्यावरून बडोद्याच्या बाजूने लागतो.

येथे मराठी अभ्यासकाने स्वतःच्या पक्षपाताविषयी सावध राहिले पाहिजे. बडोद्याविषयी आपल्या मनात जो जिव्हाळा आहे, त्याचा काही भाग त्या राज्याच्या गुणांमुळे नसून तेथील सत्ता आपल्या भाषेत बोलत होती ह्यामुळे आहे. १९३२ च्या कोल्हापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सयाजीरावांनी भूषविले, ह्याचा आपल्याला अभिमान वाटतो. मराठवाड्यातील उर्दू भाषिक कारकुनालाही हैदराबाद असेच आपले वाटत असणार. सत्तेच्या जवळ असणाऱ्याला राज्य राहण्याजोगे वाटते, एवढ्यावरून ते राज्य राहण्याजोगे ठरत नाही.

३

दुसऱ्या कसोटीसाठी आपल्याजवळ एक असामान्य साक्षीदार आहे. डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनी ‘वेटिंग फॉर ए व्हिसा’ ह्या आत्मकथनपर टिपणात दोन्ही संस्थानांतील आपला अनुभव नोंदविला आहे.

बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिक्षण घेऊन ते १९१७ मध्ये करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. विद्या राज्याने दिली होती, पदही राज्याने दिले; निवास मात्र मिळेना. हिंदू खाणावळीत जात उघड झाली तर काय होईल ह्याची कल्पना असल्यामुळे त्यांनी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून आसरा घेतला. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेले सुमारे डझनभर पारशी दारात उभे राहिले व संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची मुदत देऊन गेले. राज्याच्या बंगल्यासाठी दिवाणाकडे केलेली विनंती फळास आली नव्हती. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी विचारणा केली. दोघांनीही असमर्थता दर्शविली. सार्वजनिक बागेत वेळ काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

दुसरा प्रसंग १९३४ चा, निजामाच्या राज्यातील दौलताबाद येथील. सहकाऱ्यांसह किल्ला पाहण्यास गेले असता त्यांनी प्रवेशद्वाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटविल्याचा आरोप करीत स्थानिक मुसलमान धावून आले, आणि दंग्याची वेळ आली. अखेर किल्ल्यात कोठेही पाण्याला स्पर्श करावयाचा नाही ह्या अटीवर त्यांना आत सोडण्यात आले, आणि अट पाळली जाते की नाही हे पाहण्यास एक शस्त्रधारी शिपाई बरोबर देण्यात आला.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे राज्याराज्यांतील फरक एका मर्यादेपलीकडे निरर्थक होतो. एका राज्याचा अधिपती अस्पृश्यतेचा विरोधक होता. त्याची इच्छा धर्मशाळेच्या दारापर्यंत पोहोचली नाही. दुसऱ्या राज्यात शस्त्रच पाण्याच्या राखणीला उभे राहिले. रहिवाशाच्या हाती उरलेले फळ मात्र दोन्हीकडे जवळजवळ एकच. शाळेची भाषा राज्य ठरवू शकते. शेजाऱ्याचे मन त्याला फर्मानाने ठरविता येत नाही. बडोद्यातही अंत्यजांच्या शाळांना सवर्ण शिक्षक मिळण्याची अडचण दीर्घकाळ होती, ही गोष्ट ह्याच निष्कर्षाला पुष्टी देते.

४

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ पासून १ मे १९६० पर्यंत बडोदे व औरंगाबाद ही दोन्ही शहरे एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात होती, ही गोष्ट आज सहसा कोणाच्या ध्यानात नसते. पुढे भाषेच्या तत्त्वावर त्यांचे मार्ग वेगळे झाले, आणि पहिल्या कसोटीचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. दुसरीचा सुटला असे म्हणता येत नाही. भाड्याने घर शोधणाऱ्याला आजही आडनाव विचारले जाते, आणि ते विचारणारा पुष्कळदा त्याचीच भाषा बोलत असतो.

ज्या साक्षीदाराला बडोद्याने खोली दिली नाही व दौलताबादने पाणी दिले नाही, त्याच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय उघडले. दौलताबादचा किल्ला तेथून फार दूर नाही. राज्य राहण्याजोगे आहे की नाही, ह्याचा निवाडा पुष्कळदा त्यातून निघून जाणारा माणूस देतो. येथे अपमान सोसलेल्या माणसाने परत येऊन त्याच प्रदेशात विद्येचे दार सर्वांसाठी उघडले. दोन्ही संस्थानांच्या इतिहासांच्या शेजारी ही नोंद ठेविल्याशिवाय त्यांची तुलना पुरी होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.