घंटेची हांक

आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आम्ही देवळांतील जुन्या वह्या उघडून बसलों. बाप्तिस्मे, लग्नें व दफनें यांची नोंद पन्नास वर्षें न चुकतां झालेली आहे. परंतु जन्म आणि मरण या दोन तारखांमध्यें जो काळ गेला, त्याची नोंद कोणत्याही वहींत नाहीं. ती देवाजवळ आहे. तो काळ कसा घालवावा याचा विचार पवित्र ख्रिस्तसभेनें फार पूर्वींपासून केला आहे. त्याचा थोडा इतिहास येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रेषितांचें उदाहरण पाहा. पेत्र व योहान नवव्या तासास, म्हणजे दुपारीं तीनच्या सुमारास, प्रार्थनेसाठीं मंदिरांत चालले होते. तेव्हांच दारापाशीं त्यांस पांगळा भिकारी भेटला व तो चालूं लागला. प्रार्थनेची वेळ पाळली म्हणूनच परोपकाराची वेळ सांपडली. पुढें सहाव्या शतकांत संत बेनेदिक्त यांनीं मठवासीयांसाठीं नियम लिहिले. त्यांत दिवसांतून सात वेळां प्रार्थना, आणि मधला काळ हातकाम व वाचन यांस वांटून दिला आहे. आळसास ते आत्म्याचा शत्रु मानीत. मठांतील अवजारें वेदीवरील पात्रांप्रमाणें जपावीं, आणि प्रार्थनेची खूण कानीं पडतांच हातांतलें काम आहे तसें टाकून निघावें, अशी त्यांची आज्ञा होती.

परंतु शेतांत राबणाऱ्या निरक्षर मनुष्यानें लॅटिन स्तोत्रें कशीं म्हणावीं? त्याच्यासाठीं घंटा आली. सन १३१८ मध्यें पोप योहान बाविसावे यांनीं संध्याकाळच्या घंटेबरोबर 'नमो मरिये' म्हणण्याच्या प्रथेस मान्यता व कृपादान दिलें. सन १४५६ मध्यें तुर्कांचें सैन्य बेलग्रेडवर चालून आलें असतां पोप कालिस्त तिसरे यांनीं दुपारींही घंटा वाजवून प्रार्थना करण्यास फर्माविलें. अशा रीतीनें सकाळ, दुपार व संध्याकाळ मिळून देवदूताच्या निरोपाची प्रार्थना रूढ झाली. आपल्या किनाऱ्यावर तर घंटेचें नातें विशेष आहे. सन १५४२ मध्यें संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास आले, तेव्हां ते हातांत घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत आणि मुलांना व दासांना धर्मशिक्षणास बोलावीत.

आतां आमचीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका वृद्ध मातेनें सांजवेळीं निरोप धाडिला कीं, फादरांनीं येऊन जावें. आम्ही देवळाच्या हिशेबांत गुंतलों होतों. 'सकाळीं येतों' असें कळविलें. थोड्याच वेळानें घंटा झाली. हातांतील लेखणी खालीं न ठेवितांच आम्ही प्रार्थना पुटपुटलों. सकाळीं तिच्या दारीं पोहोंचलों, तों घरांत मेणबत्त्या लागल्या होत्या. हिशेब पैशापर्यंत जुळला होता. ती घटका मात्र परत आली नाहीं. त्या दिवसापासून संत बेनेदिक्त यांच्या आज्ञेचा अर्थ आम्हांस नीट कळला. घंटा आपणांस कामापासून तोडीत नाहीं. यावेळीं कोणतें काम प्रभूचें आहे, एवढेंच विचारते.

म्हणून वाचकांस आमची विनंति आहे. घंटा ऐकतांच विळा, लाटणें, लेखणी, जें हातीं असेल तें क्षणभर खालीं ठेवावें. या घटकेस आपली वाट कोण पाहत आहे, याची आठवण करावी. रात्रीं निजण्यापूर्वीं दिवसाचा हिशेब प्रभूपुढें मांडावा. जें राहिलें तें उद्यांच्या पहिल्या कामांत धरावें. मळा शिंपण्यासही वेळ लागतो आणि आजाऱ्याजवळ बसण्यासही. दोन्ही वेळ एकाच धन्याचे आहेत.

पुढील पन्नास वर्षांच्या वह्या दुसरा कोणी धर्मगुरु लिहील. तो तारखा तेवढ्या लिहील. मधला काळ आपण सर्वांनीं मिळून लिहावयाचा आहे. तो प्रभूस आवडेल असा लिहिण्याची सद्बुद्धि तो आम्हां सर्वांस देवो.