काकांची सिस्ट

इंझोरीहून काकांचा फोन. सोनोग्राफीत किडनीवर सिस्ट निघाली. "पोट फाडा लागन काय रे बाबू?" इंजिनिअर म्हणजे सगळंच येणार! म्हटलं, बघतो. अख्खा शनिवार त्यात गेला.

काकांची भीती अगदीच खोटी नव्हती. सोनोग्राफी, सीटी स्कॅन यायच्या आधी किडनीवरची गाठ म्हणजे पाण्याची पिशवी की कॅन्सर, हे ठरवायला बऱ्याचदा पोट उघडूनच बघत. १९८६ मध्ये मॉर्टन बोस्नियाकने सीटीवरून सिस्टचे वर्ग पाडले. थोडे सुधारून ते आजही वापरतात. सिस्ट साधी असेल, त्रास नसेल, तर कोणी हात लावत नाही.

दुखत असेल तर सुई. पण नुसतं पाणी काढलं तर ते बरेचदा परत भरतं, कारण पाणी पाझरवणारं अस्तर आत तसंच राहतं. (बग तसाच ठेवून सर्व्हर रीस्टार्ट करण्यासारखं!) म्हणून आत अल्कोहोल सोडून अस्तरच निकामी करतात. १९८१ मध्ये बीन नावाच्या डॉक्टरने यावर लिहिलं होतं. तरी भागलं नाही तर दुर्बीण, म्हणजे छोट्या भोकांतून सिस्टचं छप्परच कापायचं.

ही दुर्बीण आपल्याकडे रुजवली मुंबईच्या डॉ. तेहेमतन उदवाडियांनी. १९७२ पासून ते जेजेमध्ये दुर्बिणीने पोट तपासत होते. १९९० मध्ये त्यांनी पित्ताशय काढलं, भारतात पहिल्यांदाच. त्याच वर्षी अमेरिकेत राल्फ क्लेमनने तशीच अख्खी किडनी काढली.

असो. काकांची सिस्ट साधीच, दुखतही नाही. डॉक्टरही तेच म्हणाले.

"म्हंजे काईच नाई कराचं?" काका जरा हिरमुसलेच.