अटलांटिक जगाच्या इतिहासात पीएचडी : अमरावती-अकोल्यातून कशी करता येईल?

वऱ्हाडातला विद्यार्थी आणि अटलांटिक महासागर यांचा काय संबंध, असा प्रश्न पडू शकतो. उत्तर आहे कापूस.

अटलांटिक जग म्हणजे काय?
पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकात युरोप, आफ्रिका आणि अमेरिका हे खंड व्यापार, वसाहती आणि गुलामगिरीने एकमेकांशी जोडले गेले. या काळात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना जहाजांत कोंडून अमेरिकेकडे नेण्यात आले. या साऱ्या घडामोडींचा एकत्र अभ्यास म्हणजे अटलांटिक जगाचा इतिहास.

वऱ्हाड त्यात कुठे येतो?
इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेतले गुलाम पिकवत. 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवी युद्धात ही आवक आटली. इंग्रजांची नजर वऱ्हाडाकडे वळली. हा मुलूख त्यांनी 1853 मध्येच निजामाकडून ताब्यात घेतला होता. भाव कडाडले, युद्ध संपताच कोसळले. तरी कापसाखालची जमीन वाढत गेली. 1870 मध्ये खामगावला रेल्वे पोहोचली. शतकाच्या अखेरीस मात्र याच मुलखाने भीषण दुष्काळ पाहिले. लक्ष्मण सत्या यांनी 1997 च्या पुस्तकात वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांचा संबंध तपासला. स्वेन बेकर्ट यांच्या कापसाच्या जागतिक इतिहासातही (2014) वऱ्हाड आहे.

भारतात प्रवेश कसा मिळतो?
यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार एमएला 55 टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना 5 टक्के सवलत आहे. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी मिळवली असेल तरी अर्ज करता येतो. पीएचडीला किमान तीन, कमाल सहा वर्षे मिळतात. त्यानंतर मुदतवाढीची तरतूद आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ जवळचे. पण अर्जाआधी मार्गदर्शक शोधा. केवळ इतिहासाचा नव्हे, तर व्यापार, वसाहतवाद किंवा शेतीच्या इतिहासावर काम केलेला.

परदेशात जायचे असेल तर?
अमेरिकेत पीएचडीला साधारण पाच ते सात वर्षे लागतात. चांगली विद्यापीठे शुल्कमाफी आणि विद्यावेतन देतात, एमएची अट बहुधा नसते. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षे लागतात. तिथे आधी एमए आणि पक्का संशोधन आराखडा हवा. पैशांची सोय नसताना केवळ प्रवेश मिळाला म्हणून शेत गहाण टाकून जाऊ नका.

शिष्यवृत्तीचे नियम विषय ठरवण्याआधी वाचा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून 2022 मध्ये भारताचा इतिहास, संस्कृती आणि समाज यांवरचे विषय वगळले गेले. म्हणजे ‘वऱ्हाडातील कापूस’ एवढाच विषय मांडला, तर अर्ज अडू शकतो.

आतापासून काय करावे?
- एक भाषा शिका : स्पॅनिश, पोर्तुगीज किंवा फ्रेंच. मूळ कागद त्या भाषांत आहेत.
- मोडी शिका. वऱ्हाडातले जुने कागद वाचायला ती लागते आणि परदेशी संशोधकांपैकी फार थोड्यांना ती येते.
- राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ आणि गुलाम-जहाजांच्या फेऱ्यांची माहिती देणारे ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ ही संकेतस्थळे पाहा.
- नेट द्या. जेआरएफ मिळाली तर खर्चाचा मोठा प्रश्न सुटतो.

नोकरीचे काय?
प्राध्यापकांच्या जागा कमी आहेत, भरती रेंगाळते. हे गृहीत धरूनच उतरा. मात्र कापसाचा भाव दूर देशी का ठरतो, हा प्रश्न वऱ्हाडात आजही जिवंत आहे. त्याचे मूळ शोधणारा माणूस इथलाच असेल, तर त्याला कागदांपलीकडचे शेतही ठाऊक असते.