अपेक्षेबाहेरचे आकाश

बेंगळूर शहराच्या पूर्वेला, जुन्या विमानतळाच्या रस्त्याने पुढे गेले की मारतहळ्ळी लागते. नाव कानी पडताच मराठी माणसाला मराठ्यांची आठवण व्हावी, हे साहजिक आहे. विजापूरकरांनी १६३८ मध्ये केंपेगौडाकडून बेंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हा इतिहास त्या आठवणीला आणखी बळ देतो. पण 'हळ्ळी' म्हणजे कानडीत खेडे, आणि त्यामागचे 'मारत' कोठून आले याबद्दल लोकांत निरनिराळ्या कथा आहेत. त्यांतील एक तर गावाच्या नावाचा संबंध 'मारुत' या लढाऊ विमानाशी जोडते. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली शेजारच्याच विमान कारखान्यात तयार झालेल्या या विमानाने १७ जून १९६१ रोजी पहिले उड्डाण केले. ज्या गावात नुकतेच काही नवल घडले आहे, तेथे जुन्या नावालाही नवा अर्थ चिकटतो. कथा खरी मानण्याचे कारण नाही. परंतु या भूमीचा आकाशाशी असलेला संबंध मात्र खरा आहे.

या परिसरात भारताच्या उपग्रह-केंद्राची दोन आवारे आहेत. एक विमानपुरात, जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर; दुसरे मारतहळ्ळीच्या बाजूला, वर्तुळाकार मार्गाजवळ. या दुसऱ्या आवारात उपग्रहांची जुळणी होते आणि परीक्षा घेतली जाते. तेथील दालनांत धुळीचा कण शिरू नये म्हणून माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या वेषात वावरतात. उपग्रह प्रथम हादरवून पाहतात, अग्निबाणाच्या गर्जनेइतक्या आवाजात ठेवतात, मग एका प्रचंड निर्वात कक्षात बंद करून आळीपाळीने तापवतात आणि गोठवतात. सासरी जाणाऱ्या मुलीची इतकी परीक्षा कोणी घेतली नसेल! एवढे सारे करण्याचे कारण साधे आहे. वर गेलेल्या यंत्राची दुरुस्ती करायला तेथे सहसा कोणी जाऊ शकत नाही.

हा धडा भारतीय शास्त्रज्ञांना पहिल्याच वेळी मिळाला होता. उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतील साध्या शेडमध्ये 'आर्यभट' हा ३६० किलोग्रॅम वजनाचा उपग्रह तयार झाला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अग्निबाणाने तो कक्षेत पोचला. त्याच्यावर तीन शास्त्रीय प्रयोग होते. त्यांपैकी एक आकाशातून येणाऱ्या क्ष-किरणांचा होता. क्ष-किरण वातावरणातच शोषले जातात, तेव्हा ते पाहावयाचे तर वातावरणाच्या वर जाणे भागच असते. परंतु काही दिवसांतच प्रयोगांना वीज पुरवणारी व्यवस्था बिघडली आणि तिन्ही प्रयोग थांबले. उपग्रह मात्र पृथ्वीभोवती फिरतच राहिला. ज्यांनी तो घडवला त्यांना तो कसा घडवावा हे समजले, आणि आकाशात काय आहे हा प्रश्न पुढील पिढीकडे राहिला. राव यांचे २०१७ मध्ये निधन झाले. दुसऱ्या वर्षी या केंद्रालाच त्यांचे नाव देण्यात आले.

आर्यभटानंतर तेहतीस वर्षांनी, २२ ऑक्टोबर २००८ रोजी, बेंगळुरात जुळवलेले चांद्रयान-१ निघाले. त्या वेळी चंद्राबद्दलचे एक मत जवळजवळ ठरून गेले होते. अमेरिकन अंतराळवीरांनी १९६९ ते १९७२ या काळात चंद्रावरून ३८२ किलोग्रॅम दगडमाती आणली होती. तीत पाण्याचा जो अंश आढळला, तो पृथ्वीवर आल्यावर, पेट्यांच्या झाकणातून शिरलेल्या हवेमुळे आला असावा, असा समज झाला. चंद्र कोरडा ठणठणीत, ध्रुवांजवळच्या सदैव अंधाऱ्या विवरांत थोडे बर्फ असले तर असेल. एरवी पाण्याचे नाव नको, असे बहुतेकांचे मत होते. अशा समजुतींचे एक वैशिष्ट्य असते. त्या खोट्या ठरण्यापूर्वी त्यांच्याविरुद्धचा पुरावा अनेकदा हाती आलेला असतो, पण तो दोष म्हणून बाजूला ठेवलेला असतो.

चांद्रयानावर अकरा उपकरणे होती. त्यांतील एक अमेरिकेचे, चंद्राच्या मातीतील खनिजे ओळखण्यासाठी बनवलेले. त्याच्या प्रमुख ब्राऊन विद्यापीठातील कार्ल पीटर्स ही भूवैज्ञानिक विदुषी. सूर्याचा प्रकाश चंद्रावरून परत येतो तेव्हा प्रत्येक खनिज त्यातील ठरावीक लांबीच्या लहरी गिळून टाकते. कोणत्या लहरी कमी झाल्या त्यावरून खनिज ओळखायचे, अशी ही रीत. तीन मायक्रॉनच्या आसपास प्रकाश कमी झालेला दिसला, आणि ही तर पाण्याची व त्याच्या जवळच्या हायड्रॉक्सिलची खूण! मंडळींचा प्रथम विश्वास बसला नाही. उपकरणातच काही खोट असावी, असे धरून तपासणी झाली. खोट सापडेना, तेव्हा दुसऱ्या साक्षीदारांची जबानी घेण्याचे ठरले. एका धूमकेतूकडे निघालेल्या 'डीप इम्पॅक्ट' या यानाला जून २००९ मध्ये चंद्राकडे नजर टाकण्यास सांगण्यात आले. 'कॅसिनी' या शनीकडे गेलेल्या यानाने दहा वर्षांपूर्वी, १९९९ मध्ये, वाटेत चंद्र पाहिला होता. त्याच्या जुन्या नोंदी पुन्हा उघडण्यात आल्या. तीन यानांच्या, तीन वेगळ्या उपकरणांच्या साक्षी जुळल्या. २४ सप्टेंबर २००९ रोजी ही वार्ता जगाला सांगण्यात आली.

पाणी म्हणजे तळे किंवा झरा नव्हे. मातीच्या कणांच्या पृष्ठभागाला चिकटलेले विरळ रेणू, इतकेच. एक टन मातीतून फार तर लिटरभर निघेल, असा त्या वेळचा अंदाज होता. शिवाय ते उन्हाबरोबर कमीजास्त होते, असेही 'डीप इम्पॅक्ट'च्या निरीक्षणांतून दिसले. म्हणजे जो चंद्र मृत समजला जात होता, त्याच्या त्वचेवर रोज काही घडत होते.

या शोधाला एक दुःखाची किनार आहे. वार्ता जाहीर होण्याच्या महिनाभर आधी, ऑगस्ट २००९ च्या अखेरीस, चांद्रयानाशी संपर्क तुटला होता. दोन वर्षांसाठी निघालेले यान ३१२ दिवस बोलले. उष्णतेमुळे त्याचे तारे पाहून दिशा ओळखणारे डोळेच आधी निकामी झाले; मे महिन्यात त्याची कक्षा १०० किलोमीटरवरून २०० किलोमीटरवर नेऊन काम चालू ठेवण्यात आले होते. जे यान शोधाचे श्रेय घेऊन आले, ते स्वतः मुके झाले होते. श्रेयाच्या वाटणीचा प्रश्नही उपस्थित झाला. कारण याच यानाने १४ नोव्हेंबर २००८ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक छोटी पेटी आदळवली होती, आणि खाली पडता पडता तिच्यातील भारतीय उपकरणाने विरळ चांद्र वातावरणात पाण्याच्या खुणा टिपल्या होत्या. त्या निरीक्षणांचा निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आधी पाहिले कोणी आणि आधी सिद्ध केले कोणी, हे दोन प्रश्न विज्ञानात वेगळे असतात. इतिहास बहुधा दुसऱ्याचेच उत्तर लिहून ठेवतो, आणि ते अन्यायाचे वाटले तरी अकारण नाही.

आर्यभटावर अर्धवट राहिलेला क्ष-किरणांचा प्रश्न पुढेही हाती घेतला गेला. 'अॅस्ट्रोसॅट' हा सुमारे दीड टन वजनाचा उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी ६५० किलोमीटर उंचीवरील कक्षेत पोचला. त्याच्यावरील पाच उपकरणांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या 'आयुका'चा वाटा मोठा होता. 'आयुका' म्हणजे जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात उभे केलेले खगोलशास्त्राचे केंद्र. पाचांपैकी अतिनील किरणांची जोड-दुर्बीण बेंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने, मारतहळ्ळीच्याही पूर्वेला असलेल्या होसकोटे येथील प्रयोगशाळेत जुळवली. कामात 'आयुका'चे श्याम टंडन अग्रभागी होते, आणि प्रकाश टिपणारी उपकरणे कॅनडाने पुरवली होती. अतिनील किरणांच्या आरशावर तेलकट वाफेचा नुसता श्वास लागला तरी तो आंधळा होतो. म्हणून उपग्रह कक्षेत गेल्यावरही या दुर्बिणीची झाकणे दोन महिने बंद ठेवली होती. यंत्रातील उरलासुरला वायू निघून गेल्यावर, ३० नोव्हेंबर २०१५ रोजी ती उघडण्यात आली.

या दुर्बिणीचा आरसा फक्त ३८ सेंटिमीटरचा. हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटर, म्हणजे सहापटीहून अधिक रुंद. मोठ्याने जे पाहिले नाही ते लहानाने पाहावे, हे कोणाच्या ध्यानीमनी असणार? ऑक्टोबर २०१६ मध्ये हबलने पूर्वी अत्यंत बारकाईने न्याहाळलेल्या दक्षिण आकाशातील एका लहानशा भागाकडे अॅस्ट्रोसॅट अठ्ठावीस तासांहून अधिक काळ पाहत राहिला. 'आयुका'चे कनक साहा आणि त्यांचे सहकारी ती निरीक्षणे तपासू लागले, तेव्हा एका दीर्घिकेतून येणारे असे किरण त्यांना आढळले की जे तेथून निघून येथवर यावेत, अशी फारशी आशा नव्हती.

त्याचे कारण असे. विश्वाच्या जन्मानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकत्र येऊन हायड्रोजनचे अणू झाले आणि विश्व अंधारात गेले. पुढे पहिले तारे पेटले. त्यांच्या अतिनील किरणांनी हे अणू पुन्हा फोडले आणि धुके विरळ झाले. हे कसे घडले, हा खगोलशास्त्राचा मोठा प्रश्न आहे. कारण अणू फोडणारे किरण ताऱ्याभोवतीच्या वायूतच अडकतात. ते दीर्घिकेबाहेर पडणार कसे? दिवा आहे, पण घराला खिडकी आहे की नाही, असा हा पेच. अॅस्ट्रोसॅटने पाहिलेल्या दीर्घिकेचा प्रकाश निघाला तो ९३० कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीच काय, आपला सूर्यही नव्हता तेव्हा. तेथील ताऱ्यांच्या अणू फोडणाऱ्या किरणांपैकी किमान एक पंचमांश बाहेर पडत असावेत, असा हिशेब निघाला. घराला खिडक्या होत्या!

परंतु हा हिशेब जाहीर करण्यापूर्वी साहा यांनी सुमारे दोन वर्षे केवळ शंका घेण्यात घालवली. मोजणीस आलेले किरण इतके थोडे होते की शेजारच्या एखाद्या ताऱ्याची किंवा उपकरणातील गोंगाटाची छटा त्यांत मिसळली तरी सारे निष्फळ व्हावे. येथे लहान दुर्बिणीचा एक गुण उपयोगी पडला. ती एकेक प्रकाशकण स्वतंत्र मोजते आणि तिचा स्वतःचा गोंगाट फार कमी. हबलच्या मोठ्या आरशापुढील संवेदकात तो गोंगाट अधिक. फार मंद आवाज ऐकायचा तर मोठ्या कानापेक्षा शांत घर जास्त उपयोगी पडते, त्यातलाच हा प्रकार. निबंध ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

याच उपग्रहाच्या दुसऱ्या एका उपकरणाची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. क्रॅब तेजोमेघ म्हणजे १०५४ मध्ये चीनमधील निरीक्षकांनी पाहिलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचे अवशेष. त्याच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे तीस फेऱ्या घेणारा एक स्पंदक तारा आहे. त्याच्या क्ष-किरणांच्या लहरी कोणत्या दिशेने थरथरतात, म्हणजे त्यांचे ध्रुवण कसे आहे, हे अहमदाबादचे संतोष वडवळे व सहकाऱ्यांनी दीड वर्षाच्या निरीक्षणांतून मोजले. ताऱ्याचा झोत आपल्याकडे वळलेला नसतो, त्या मधल्या काळात काही विशेष घडू नये, अशी अपेक्षा होती. त्याच काळात हे ध्रुवण बदलताना आढळले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांसाठी पाठवलेल्या या उपग्रहाने २०२५ मध्ये दहा वर्षे पूर्ण केली. त्याच्या अतिनील दुर्बिणीची एक बाजू मात्र २०१८ मध्ये बंद पडली होती.

बेंगळूरच्या याच केंद्रातून गेलेल्या चांद्रयान-३ च्या विक्रमाने २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात, ६९ अंश अक्षांशावर, पाय टेकले. त्याने मातीत दहा सेंटिमीटर खोल एक सळई खुपसली. तिच्यावर दहा तापमापक होते. या अक्षांशावर पृष्ठभाग फार तर वीस-तीस अंश तापेल, असा अंदाज होता. चार दिवसांनी जाहीर झालेल्या आलेखात तो सत्तर अंशांच्या आसपास निघाला, आणि आठ सेंटिमीटर खाली तर शून्याच्याही दहा अंश खाली. आपल्याकडील उन्हाळ्यात वाळूवर अनवाणी चालणाऱ्याला पायाखाली हातभर खणले तर गारवा लागतो. येथे तो बोटभर अंतरावर होता, कारण चंद्राची सैल माती उष्णता जवळजवळ वाहूच देत नाही. पृष्ठभाग अपेक्षेपेक्षा इतका उष्ण का, याचे उत्तर पुढील तपासात मिळाले. यान उतरलेली जागा सूर्याकडे कललेली, सहा अंशांच्या उताराची होती. तेथे तापमान ब्याऐंशी अंशांपर्यंत चढले होते; पण मीटरभर अंतरावरील सपाट जागेत ते एकोणसाठ अंशांच्या आसपास होते. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये यावरून उलटा हिशेब मांडला. सूर्याला पाठ करून ध्रुवाकडे कललेला, चौदा अंशांहून अधिक तीव्र उतार असेल, तर अशा अक्षांशावरही मातीखाली बर्फ टिकून राहण्याइतकी थंडी मिळू शकेल, आणि त्यासाठी ध्रुवाच्या अंधाऱ्या विवरांपर्यंत जाण्याची गरज पडणार नाही.