शिकलेले वाया जाऊ नये

आपल्या समाजात एक गोष्ट वारंवार घडते. मुलगी दोन वर्षे कॉलेजात जाते, लग्न ठरते, सासर दुसऱ्या शहरी असते आणि शिक्षण सुटते. मुलगा पहिले वर्ष उत्तीर्ण होतो आणि घरच्या अडचणीपायी नोकरीसाठी परमुलखात जातो. पुढे पुन्हा शिकावे म्हटले, तर आधीच्या वर्षांचे काय? "पुन्हा पहिल्यापासून" हे उत्तर ऐकून कित्येकांनी पुस्तके कायमची मिटली आहेत.

एका ठिकाणी मिळविलेली विद्या दुसऱ्या ठिकाणी कशी मान्य व्हावी, हा प्रश्न जुनाच आहे. मध्ययुगीन इस्लामी जगतात विद्यार्थी ज्ञानासाठी गावोगाव फिरत. गुरूजवळ एखादा ग्रंथ पुरा झाला की गुरू 'इजाजा', म्हणजे तो ग्रंथ पुढे शिकविण्याची इजाजत, देत. हा दाखला मदरशाच्या नावाचा नसे. तो गुरूच्या नावाचा असे. विद्यार्थी कोठेही गेला तरी काय शिकला व कोणाजवळ शिकला, हे त्यावरून कळे.

प्रवासी इब्न बतूता 1325 साली टँजियरहून निघाला. 1326 साली दमास्कसमध्ये आपल्याला अनेक इजाजा मिळाल्या, असे तो सांगतो. त्या देणाऱ्यांत जैनब बिन्त अहमद ही विदुषीही होती. पुढे मुहंमद तुघलकाने त्याला दिल्लीचा काजी नेमले. आपल्या दौलताबादेचे वर्णनही त्याच्या प्रवासवृत्तात आहे.

युरोपातही 1233 साली पोप नववा ग्रेगरी याने तुलूझच्या पदवीधरांना कोठेही शिकविण्याची मुभा दिली. परंतु अर्धवट राहिलेल्या शिक्षणाची मोजदाद करण्यास सर्वमान्य माप नव्हते. ते अमेरिकेत आकारास आले. 1869 साली हार्वर्डचे अध्यक्ष झालेल्या चार्ल्स एलियट यांनी विषयांच्या निवडीस उत्तेजन दिले. त्यामुळे प्रत्येक विषय स्वतंत्रपणे मोजणे आवश्यक झाले. 1905 साली स्थापन झालेल्या कार्नेगी फाउंडेशनने प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी कॉलेजांना अटी घातल्या. त्यांतून शाळेच्या एका विषयाचे सुमारे 120 तास म्हणजे एक 'युनिट', हे माप रूढ झाले. पुढे युरोपने 1989 साली क्रेडिट बदलीची पद्धत सुरू केली. तीत पूर्ण वर्षाच्या अभ्यासाचे 60 क्रेडिट धरतात.

आपल्याकडे 1857 साली मुंबई, कलकत्ता व मद्रास विद्यापीठे लंडनच्या धर्तीवर निघाली. परीक्षा हेच त्यांचे मुख्य माप होते. विद्यापीठ बदलणाऱ्यास मायग्रेशन सर्टिफिकेट मिळे; पण नव्या ठिकाणी कोणता अभ्यास जमा धरला जाईल, हे त्यावरून ठरत नसे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, जुलै 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'चे नियम केले. बँकेत पैसे जमा करावेत तसे विद्यार्थ्याचे क्रेडिट त्याच्या खात्यात जमा होतात. या नियमांनुसार ते जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात, आणि निदान निम्मे क्रेडिट पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात.

मात्र खाते उघडले म्हणजे काम झाले, असे समजू नये. जुना अभ्यासक्रम आपल्या अभ्यासक्रमाशी जुळतो की नाही, हे नवी संस्था पाहते. म्हणून गुणपत्रिका व अभ्यासक्रमाची प्रत जपून ठेवावी. कॉलेज सोडण्यापूर्वी क्रेडिट खात्यात जमा झाल्याची खात्री करावी. नव्या ठिकाणी फी भरण्याआधी काय जमा धरणार, हे लेखी विचारावे.

पालक बंधुभगिनींनो, लेकीच्या लग्नाची बोलणी करताना दागिन्यांची यादी आपण काळजीने करतो. तिच्या गुणपत्रिकांचीही एक फाइल करा, आणि सासरच्या गावी कॉलेज कोणते आहे, हेही विचारा. दमास्कसच्या जैनबने शेकडो वर्षांपूर्वी इतरांना विद्येचे दाखले दिले. आपल्या मुलींना निदान स्वतःचा दाखला पुरा करू द्या.