शटरबिघाड (डिजिटल कॅमेरा)

डिजिटल कॅमेऱ्याचे शटर वेळेवर न उघडणे, वेळेवर न मिटणे, अर्ध्यात अडकणे किंवा त्याच्या दोन पडद्यांचा मेळ सुटणे, या सर्वांना मिळून शटरबिघाड म्हणतात. अमरावती-अकोल्याच्या फोटोग्राफरांच्या बोलण्यात मात्र ‘शटर गेलं’ या दोन शब्दांत याहून बरेच काही कोंबलेले असते. फ्लॅशची चुकीची सेटिंग, लेन्सचे मळलेले संपर्कबिंदू, मंगल कार्यालयातले लुकलुकणारे एलईडी, उतरलेली बॅटरी, सगळ्यांचे खापर शटरवर फुटते. त्यामुळे या बिघाडाच्या तपासातला मोठा भाग शटर निर्दोष आहे का, हे पाहण्याचाच असतो.

घोळ शब्दापासून सुरू होतो. मराठीत शटर म्हणजे दुकानाचे वरखाली होणारे लोखंडी दार, शटर म्हणजे कॅमेऱ्यावरचे दाबायचे बटण आणि शटर म्हणजे सेन्सरसमोरचा पडदाही. दुकानाच्या दाराशी गल्लत होत नाही. उरलेल्या दोघांची रोज होते. ‘शटर दबत नाही’ ही तक्रार बटणाची असते, आणि बटण बदलणे हे पडदा बदलण्यापुढे किरकोळ काम आहे. “आवाज येऊन राह्यला, फोटू नाई येऊन राह्यला,” असे सांगणारा गिऱ्हाईक त्यामानाने नेमके बोलतो. आवाज येतो म्हणजे बटण, बॅटरी आणि मोटर जाग्या आहेत. शोध पुढे घ्यायचा.

रचना : डीएसएलआर आणि बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत फोकल-प्लेन शटर असते. सेन्सरच्या अगदी पुढे दोन पडदे असतात आणि प्रत्येक पडदा एकमेकांवर सरकणाऱ्या पातळ, हलक्या पात्यांचा बनलेला असतो. बटण दाबताच डीएसएलआरमध्ये आरसा वर जातो, पहिला पडदा खाली सरकून सेन्सर उघडा करतो, ठरलेल्या वेळाने दुसरा पडदा त्याच्या मागून येऊन तो झाकतो, आरसा परत येतो आणि मोटर शटर पुन्हा ताणून ठेवते. मिररलेसमध्ये शटर एरवी उघडेच असते, कारण स्क्रीनवरचे चित्र सेन्सरकडूनच येते. काही मिररलेस बॉडी, उदाहरणार्थ २०१८ची कॅनन ईओएस आर, बंद केल्यावर शटर मिटून घेतात. लेन्स काढल्यावर सेन्सरऐवजी काळी पाती दिसली म्हणून घाबरून बोट लावू नये. ती तशीच असायची.

एक गोष्ट ध्यानात आली की अर्धी लक्षणे आपोआप उलगडतात. फुल-फ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर असते आणि पडद्याला ती पार करायला सेकंदाचा सुमारे तीनशेवा भाग लागतो. म्हणजे १/४००० सेकंदाच्या वेगाला संपूर्ण सेन्सर कधीच एका वेळी उघडा नसतो. दोन पडद्यांमधली जेमतेम दोन मिलिमीटरची फट वरून खाली धावत जाते आणि फोटो तिच्यातून रंगवला जातो. दुसरा पडदा किंचित घाईने आला की फट एका टोकाला अरुंद होते आणि फोटोची ती बाजू काळवंडते. हाच दोष १/६० वेगाला दिसतही नाही. म्हणून पासपोर्ट फोटो काढणाऱ्या स्टुडिओत थकलेले शटर वर्षानुवर्षे खपून जाते, आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांबाच्या उड्या १/२००० ला टिपणाऱ्याला तेच शटर पहिल्याच दिवशी दगा देते.

खिशात मावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांत शटर बहुधा लेन्सच्या आत असते. ते उघडे अडकले की उन्हातले फोटो पांढरेफटक येतात आणि घरातले बरे. मोबाइलमध्ये सहसा यांत्रिक शटर नसतेच. तिथला ‘खटॅक’ हा नुसता साठवलेला आवाज.

लक्षणे आणि तपास : कॅमेरा क्लिकच करत नसेल तर आधी कार्ड, बॅटरी आणि फोकस. बहुतेक कॅमेऱ्यांची नेहमीची रीत अशी की फोकस पक्का झाल्याशिवाय फोटो निघत नाही, आणि अंधुक मांडवात फोकस सापडत नाही. लेन्सवरचा खटका मॅन्युअल फोकसवर सरकवून दाबावे; फोटो निघाला तर शटर ठीक आहे. तरीही निघेना तर रिमोट किंवा केबलने प्रयत्न करावा. रिमोटने निघतो आणि बोटाने नाही, म्हणजे बटण झिजले.

फ्लॅश लावल्यावर फोटोच्या खालच्या कडेला काळा पट्टा येणे ही सर्वांत फसवी तक्रार. शटरचा वेग फ्लॅशच्या मर्यादेपलीकडे गेला की असे होते. ही मर्यादा बहुतेक बॉडींत १/१६० ते १/२५० च्या दरम्यान असते. फ्लॅश चमकतो तेव्हा दुसरा पडदा निघालेला असतो आणि सेन्सरचा वरचा भाग झाकतो. प्रतिमा सेन्सरवर उलटी पडत असल्याने पट्टा फोटोत खाली दिसतो. वेग १/१२५ वर आणला की पट्टा जातो. गेला नाही, किंवा फ्लॅशशिवायही पट्टा राहिला, तर मात्र पाते अडकले किंवा तुटले असण्याचा संशय घ्यावा.

दुसरी फसगत दिव्यांची. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. वेगवान शटरच्या धावत्या फटीत ही लुकलुक आडव्या पट्ट्यांच्या रूपाने पकडली जाते, आणि इलेक्ट्रॉनिक अर्थात सायलेंट शटर चालू असेल तर फारच ठळकपणे. ओळखायची खूण सोपी आहे. दिव्यांचे पट्टे दर फोटोत जागा बदलतात. पात्याचा दोष जागचा हलत नाही. १/१०० किंवा १/५० वेगाला पट्टे नाहीसे झाले, तर कॅमेरा घेऊन दुरुस्तीला धावायचे कारण नाही. बिल कार्यालयाच्या रोषणाईवर फाडावे.

फोटो पूर्ण काळा आला तर डीएसएलआरमध्ये लाइव्ह व्ह्यू लावून पाहावे. त्या वेळी आरसा वर आणि शटर उघडे असते. स्क्रीनवर चित्र स्वच्छ दिसले तर शटर निदान उघडते आहे. स्क्रीन काळीच राहिली, आणि लेन्सचे झाकण काढलेले असल्याची खातरी असेल, तर शटर मिटलेले अडकले आहे. अर्धे चित्र आणि अर्धा काळोख म्हणजे बहुधा तुटके पाते आडवे आले आहे. फोटो जादा पांढरे येत असतील तर शटरला दोष देण्याआधी लेन्सचे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून पाहावे. एफ २.८ ला फोटो बरोबर आणि एफ ८ ला पांढरा, तर बिघाड लेन्सच्या पात्यांत आहे, बॉडीत नाही.

पडद्यांचा मेळ तपासायला चुना लावलेली सपाट भिंत पुरते. सावलीतली, पण दिवसाच्या उजेडात असलेली भिंत निवडावी. ट्यूबलाइटखाली ही चाचणी करणे म्हणजे वर सांगितलेल्या पट्ट्यांना आमंत्रण. कॅमेरा तिकाटण्यावर, फोकस मॅन्युअल. १/६० पासून १/४००० पर्यंत एकेक पायरी चढत जावे आणि तितकाच आयएसओ वाढवावा, म्हणजे सगळे फोटो एकाच उजेडाचे यायला हवेत. प्रत्येक वेगाला आठ-दहा फोटो घ्यावेत, कारण थकलेले शटर दर वेळी चुकत नाही. दहातल्या एकदोन वेळा चुकते आणि नेमके तेच अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी घडते.

स्क्रीनवरचे संकेतांकही उपयोगी पडतात. कॅननमध्ये एरर ३० हा शटरच्या बिघाडाचा, एरर २० यांत्रिक भागांचा, तर एरर ०१ लेन्स आणि बॉडी यांच्या तुटलेल्या संवादाचा. जुन्या कॅनन बॉडींतला एरर ९९ काहीच नेमके सांगत नाही. निकॉनमध्ये नुसते ‘ईआरआर’ झळकते आणि शटरचे बटण पुन्हा दाबायला सांगितले जाते. बॅटरी काढून पाच-दहा मिनिटे थांबणे, दुसरी भरलेली बॅटरी लावणे, लेन्स काढून सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या स्वच्छ कापडाने पुसणे, एवढ्याने एरर ०१ बऱ्याचदा जातो. एरर ३० तात्पुरता गेला तरी बहुधा परत येतो.

वऱ्हाडातील परिस्थिती : कॅनन आणि निकॉनच्या माहितीपुस्तिकांत कॅमेरा वापरण्याचे तापमान साधारणपणे ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेले असते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि लग्नाच्या तिथ्या नेमक्या त्याच दिवसांत. कागदावर पाहिले तर अकोल्याचा लग्नफोटोग्राफर भर हंगामात रोजच नियम मोडतो. प्रत्यक्षात कॅमेरे ही उष्णता सोसतात. सोसत नाहीत ते बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले. तिथे हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. मिररलेस कॅमेरा झाकण न लावता उन्हाकडे तोंड करून ठेवणेही वाईट. लेन्स भिंगाचे काम करते आणि शटरची पाती किंवा सेन्सर भाजून निघू शकतो.

उन्हाळ्याहून धूळ वाईट. काळ्या मातीचा फुफाटा बारीक असतो आणि कोरड्या दिवसांत सगळीकडे शिरतो. चांदूर बाजार तालुक्यातल्या बहिरमच्या यात्रेत किंवा मेळघाटच्या कच्च्या रस्त्यांवर उघड्या जिप्सीत लेन्स बदलणारा माणूस ही धूळ स्वतःच्या हाताने आत घालतो. त्यात हळदीच्या समारंभाची नवी रीत, हळद वाटून लावण्यापेक्षा मुठीने उधळण्याची. श्रावणात अकोल्याची कावडयात्रा असते. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी राजराजेश्वर मंदिराकडे येतात आणि वरून पाऊस, खालून गुलाल अशी दुहेरी परीक्षा होते. लेन्सची अदलाबदल टाळण्यासाठी दोन बॉडी गळ्यात अडकवून फिरणे हा यावरचा खरा उपाय, खर्चिक असला तरी.

धुळीचे डाग आणि शटरबिघाड या दोन तक्रारी वेगळ्या ठेवाव्यात. एफ १६ ला आकाशाचा फोटो घेतला आणि त्याच जागी दर वेळी करडे ठिपके किंवा कापसाच्या तंतूसारखी वेटोळी दिसली, तर कचरा सेन्सरवर आहे. अर्थात ठिपक्यांचे मूळ शटरमध्ये असल्याचे एक गाजलेले उदाहरण आहेच. सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या निकॉन डी६०० मध्ये सेन्सरवर, विशेषतः फोटोच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, ठिपके जमत असल्याच्या तक्रारी झाल्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये नव्या शटरसह डी६१० आला, आणि २०१४ मध्ये निकॉनने डी६०० ची साफसफाई व शटरची अदलाबदल विनामूल्य करून देण्याचे जाहीर केले. जुन्या बाजारात डी६०० स्वस्त मिळण्यामागे हा इतिहास आहे. घेताना शटर बदलले होते का, हे विचारायलाच हवे.

चिखलदऱ्याची तऱ्हा उलटी. सुमारे १,१०० मीटर उंचीवर पावसाळाभर धुके असते. थंड कॅमेरा उबदार खोलीत आणला की आतबाहेर दव जमते, आणि ओली पाती एकमेकांना चिकटू शकतात. पिशवीची चेन तासभर न उघडता कॅमेरा आतच ठेवला तर हे टळते.

आयुष्य : कंपन्या शटरच्या चाचणीचा आकडा जाहीर करतात. निकॉन डी७५० आणि कॅनन ५डी मार्क ३ यांना दीड लाख, निकॉन डी८५० ला दोन लाख, कॅनन १डी एक्स ला चार लाख. ही हमी नव्हे. काही शटर त्याच्या दुप्पट चालतात, काही निम्म्यावर जातात. एका लग्नात तीन हजार क्लिक धरले तर दीड लाखाचा पल्ला पन्नास लग्नांत गाठला जातो, म्हणजे चालत्या स्टुडिओत एक-दोन हंगामांत. शटर काउंट निकॉनच्या फोटोतील माहितीत सापडतो. कॅननसाठी बहुतेक वेळा वेगळे सॉफ्टवेअर लागते. व्हिडिओत शटर दर चौकटीला हलत नाही, त्यामुळे मुख्यतः शूटिंगला वापरलेल्या बॉडीचा काउंट कमी दिसतो. तेवढ्यावरून ती ताजी समजू नये.

यांत्रिक शटर काढूनच टाकलेले कॅमेरेही आता आहेत. २०२१च्या निकॉन झेड ९ मध्ये सेन्सर इतक्या वेगाने वाचला जातो की पडद्याची गरज उरली नाही.

दुरुस्ती : पात्यांना बोट, कापसाचा बोळा, तेल किंवा दाबाखालच्या हवेचा डबा यांतले काहीही लावू नये. पाती इतकी पातळ असतात की डब्याच्या झोताने वाकतात, आणि तेलाचा एक थेंब त्यांना कायमचे चिकटवतो. तोंडाने फुंकर मारली की थुंकी उडते. हाताने दाबायचा रबरी ब्लोअर, तोही कॅमेरा खाली तोंड करून, इतकेच घरी करावे. सेन्सर पुसताना बॅटरी पूर्ण भरलेली हवी; मध्येच संपली तर शटर पुसणीवर मिटते आणि नसलेला बिघाड तयार होतो. फ्लॅश असलेली बॉडी घरी उघडण्याचा मोह तर अजिबात नको, कारण फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटरी काढली तरी ते लगेच जात नाहीत.

बिघडलेले शटर सहसा दुरुस्त करत नाहीत, अख्खे युनिट बदलतात. काही कारागीर बाद झालेल्या दुसऱ्या बॉडीतून युनिट काढून बसवतात; ते चालते, पण त्याने किती क्लिक सोसले आहेत हे आधी विचारून घ्यावे. बदलल्यानंतर पडद्यांचा वेग सॉफ्टवेअरने जुळवावा लागतो. हे न करता परत दिलेल्या कॅमेऱ्यात १/४००० चे फोटो पुन्हा एका बाजूने काळे येतात, म्हणून कॅमेरा ताब्यात घेताना भिंतीची चाचणी काउंटरवरच करावी. मोठ्या कामासाठी बॉडी नागपूर, पुणे किंवा मुंबईला पाठवायची वेळ आली तर लेन्स, कार्ड आणि बॅटरी घरी ठेवावी, बॉडीला झाकण लावावे, आणि सोबत दोन बिघडलेले फोटो व एक चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीत कोणत्या वेगाला, किती फोटोंत एकदा आणि फ्लॅशसह की फ्लॅशशिवाय, एवढे लिहिले की पुरे.